लाख, फेणी आणि पाच बाण

तयार बाण विकत मिळतात, हे बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण फोंड्यात मेस्ताच्या, म्हणजे सुताराच्या, दारात सागाच्या सरळ पट्ट्या फुकट पडलेल्या असताना विकतचा बाण घेणं म्हणजे दारात माड असताना नारळ विकत आणण्यातला प्रकार, असं मी म्हणालो. आमच्या माडाला तीन वर्षं नारळ लागलेला नाही, हेही तिने सांगितलं.

पाच काठ्या गोल झाल्या. म्हणजे उजेडात धरल्या नाहीत तर गोल. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४० चा. गुळगुळीत वाटल्या की ओला फडका फिरवायचा. तंतू उभे राहतात, की पुन्हा घासायचं. तीन दिवस आमच्या सोलकढीलासुद्धा सागाची चव होती.

मग लाख. बजेट दोनशे रुपये, त्यातले दीडशे पॉलिश पेपरात गेलेले. देव्हाऱ्याच्या पॉलिशातली चपडा लाख उरली होती. ती स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिट नव्हतं, काजूची फेणी होती. दोन्हीत अल्कोहोलच की! लाखेचं मत वेगळं पडलं. फेणीत अल्कोहोल साधारण ४२ टक्के, बाकी बहुतेक पाणी, आणि पाण्याशी लाखेचं हाडवैर. सकाळी बरणीच्या तळाशी चिकट गोळा, वर गढूळ फेणी. सासरे आले होते. त्यांनी झाकण काढून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता झाकण लावलं. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या फेणीची ही दशा करणारा जावई त्यांनी स्वतः निवडला होता.

शेवटी स्पिरिट आणलंच. त्यात ऑगस्टचा पाऊस. ओल्या हवेत लाखेवर पांढुरकं सावट येतं, म्हणून बाण फ्रीजमागच्या उबेत वाळत ठेवले.

पिसं शेजारच्या मावशींच्या बदकांनी टाकलेली. बाणाला तीन पिसं लागतात, १२० अंशांच्या अंतराने, आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची. डावी-उजवी सरमिसळ झाली तर बाण गांगरतो. ‘‘हे डाव्या पंखाचं का हो मावशी?’’

‘‘म्हाका कितें खबर रे पुता? बदकाकच विचार.’’

राहिले रंगीत पट्टे. ते असतात आपला बाण ओळखता यावा म्हणून. उसन्या ड्रिल मशीनमध्ये काठी अडकवून फिरवायची आणि ब्रश नुसता टेकवायचा. पट्टा आपोआप उमटतो. पहिला पट्टा भिंतीवरही उमटला. बायकोच्या लाल नेलपॉलिशला हात लावायची छाती नव्हती, म्हणून खिडकीच्या गजांचा उरलेला हिरवा ऑइलपेंट घेतला. अप्रतिम दिसले बाण.

मांडवातून उरलेल्या बांबूचं धनुष्य होतंच. मागच्या मोकळ्या शेतात पाचही सोडले. ऑगस्टातलं गवत, हिरवे बाण. तासभर चिखल तुडवून दोन मिळाले.

तिसरा परवा मावशींनी आणून दिला. पट्टा त्यांना दिसलाच नव्हता. पीस आपल्या बदकाचं, एवढं त्यांनी ओळखलं.