‘तीन तास बाहुलीशी खेळ’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांचे पालक आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी आम्ही घेत असलेल्या प्रथमोपचार वर्गाला आपण एक तारा दिला आहे आणि त्याची कारणेही सविस्तर लिहिली आहेत. तीन तासांपैकी निम्म्याहून अधिक वेळ घशात अडकलेली वस्तू काढणे आणि सीपीआर (श्वास व हृदय थांबल्यास छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणे) या दोनच गोष्टींवर गेला. प्रशिक्षिकेने दाखवलेली पद्धत इंटरनेटवरील व्हिडिओंशी जुळत नव्हती. सासूबाईंना सर्वांसमोर टोकले गेले. तापाच्या औषधाचे प्रमाण विचारूनही सांगितले नाही. आणि आपल्या पतींना प्रमाणपत्र नाकारण्यात आले, असे आपले आक्षेप आहेत. वर्गाला यावे की नाही याचा विचार करणारे इतर पालकही हे वाचतील, म्हणून उत्तर येथेच देत आहे.

वेळेची विभागणी आम्ही जाणूनबुजून तशी ठेवली आहे. गुडघा खरचटला, डोक्याला टेंगूळ आले किंवा नाकातून रक्त येऊ लागले, तर पालकाला थोडा विचार करायला, कोणाला तरी फोन करून विचारायला सवड असते. श्वासमार्ग पूर्ण बंद झाला तर ती मिळत नाही, कारण मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाल्यावर काही मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते आणि रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी तेवढ्या अवधीत ती दारात उभी राहीलच असे नाही. शिवाय मोठ्या माणसांच्या बाबतीत पुष्कळदा हृदय आधी बंद पडते, तर मुलांमध्ये बहुतेक वेळा आधी श्वास थांबतो आणि त्यामागोमाग हृदय. म्हणून मुलांच्या सीपीआरमध्ये छातीवर नुसते दाब देऊन भागत नाही. एकटे असाल तर 30 दाबांनंतर 2 श्वास हा क्रम सांभाळावा लागतो. तान्ह्या बाळाचे नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाकून, त्याची छाती जेमतेम वर येईल एवढाच श्वास कसा सोडायचा, हे शब्दांत सांगायला अर्धे मिनिट पुरते. जमायला मात्र बराच वेळ लागतो.

ज्याला आपण बाहुली म्हटले आहे, त्या पुतळ्याच्या छातीत स्प्रिंग असते आणि दाब पुरेशा खोलीपर्यंत गेला की ‘टक’ असा आवाज येतो. बाळाच्या बाबतीत ही खोली सुमारे 4 सेंटीमीटर, म्हणजे छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश असते, आणि गती मिनिटाला 100 ते 120 दाबांची. पहिल्या फेरीत बहुतेकांच्या हाताखालून तो आवाज येतच नाही, कारण एवढ्याशा छातीवर इतका जोर लावायला कोणाचाही हात धजावत नाही, आणि आई-वडिलांचा तर मुळीच नाही. हा संकोच व्याख्यानाने जात नाही. तो जाईपर्यंत आम्ही सराव थांबवत नाही, आणि या बाबतीत वेळापत्रक बदलण्याचा आमचा विचार नाही.

व्हिडिओंशी न जुळणाऱ्या पद्धतीबद्दलचा आपला प्रश्न रास्त आहे. बाळाच्या छातीवर दोन बोटांनी दाब द्यावा असे अनेक वर्षे शिकवले जात होते आणि जुन्या व्हिडिओंत तेच दिसते. परंतु दोन बोटांनी पुरेशी खोली गाठली जात नाही, म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2025 च्या मार्गदर्शक सूचनांतून ती पद्धत वगळली. आता एका तळहाताच्या मनगटाकडील भागाने, किंवा दोन्ही हातांनी छातीला वेढून दोन अंगठ्यांनी दाब देण्यास सांगितले जाते. त्याच सूचनांनुसार एक वर्षाहून मोठ्या मुलाच्या घशात वस्तू पूर्ण अडकली असेल, तर आधी पाठीवर 5 थापा आणि मग पोटावर 5 दाब, असे आलटून पालटून द्यायचे असतात. एक वर्षाखालील बाळाला मात्र पोटावर दाब कधीही द्यायचा नाही, कारण त्याच्या यकृताला इजा होऊ शकते. त्याला थापांनंतर छातीवर दाब द्यायचे. फुकट उपलब्ध असलेले सर्वच व्हिडिओ टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही, पण ते पाहताना निदान तयार केल्याचे वर्ष तरी पाहावे.

सासूबाईंचा प्रसंग मी प्रशिक्षिकेकडून समजून घेतला. घशात बोट घालून वस्तू काढावी, असे त्या म्हणाल्या आणि तसे करू नये, असे त्यांना तेथेच सांगण्यात आले. वयाने मोठ्या व्यक्तीला चारचौघांत असे ऐकावे लागले की अवघडल्यासारखे होते, हे मला मान्य आहे. परंतु खोलीतील निम्म्या लोकांच्या मनात तीच समजूत असते आणि ते मान डोलावत असतात, त्यामुळे हे उत्तर नंतर बाजूला घेऊन देण्यासारखे नव्हते. वस्तू स्पष्ट दिसत असेल तरच ती काढावी. न दिसणाऱ्या वस्तूसाठी चाचपडत बोट घातले तर ती आणखी आत ढकलली जाते. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर हवा अजून आत-बाहेर जाते आहे. त्याला खोकू द्यावे आणि लक्ष ठेवावे. भीती असते ती एकाएकी गप्प झालेल्या मुलाची. दिवसभर नातवंडे आजी-आजोबांकडे असतील, तर हा फरक त्यांनाच सर्वांत आधी ओळखता यायला हवा.

तापाच्या औषधाचे प्रमाण आम्ही सांगत नाही आणि यापुढेही सांगणार नाही. ते मुलाच्या वजनावर ठरते, आणि एकाच औषधाच्या थेंबांत व सिरपमध्ये प्रत्येक मिलिलिटरमागे औषधाची मात्रा वेगवेगळी असू शकते. म्हणून ते बाळाच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे. तापात आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवणे, तोंडात काहीही न घालणे, घड्याळ पाहणे आणि आकडी 5 मिनिटांपेक्षा लांबली तर तातडीने रुग्णवाहिका बोलावणे, हे वर्गात शिकवले होते.

राहिला प्रमाणपत्राचा मुद्दा. आपल्या पतींना कामाचा फोन आल्याने ते बाहेर गेले आणि तान्ह्या बाळाच्या पुतळ्यावरील सराव होऊन गेल्यावर परतले. संबंधित व्यक्तीने हा सराव प्रत्यक्ष करून दाखवला आहे, असे आमच्या प्रमाणपत्रावर लिहिलेले असते आणि त्याखाली प्रशिक्षिकेची सही असते; न पाहिलेल्या गोष्टीवर ती सही करू शकत नाही. पुढील कोणत्याही वर्गात त्यांनी फक्त तेवढ्या भागासाठी यावे, त्याचे वेगळे शुल्क नाही, आणि सराव पूर्ण होताच प्रमाणपत्र त्याच दिवशी दिले जाईल. सासूबाईंनाही पुन्हा सराव करायचा असल्यास त्यांनी सोबत यावे. जमिनीवर बसणे त्रासाचे असेल तर पुतळा टेबलावर ठेवता येतो, मात्र तसे आदल्या दिवशी कळवावे.