जपानी गाण्यांतला गिटारचा सोलो आणि ताईने पाठवलेला व्हिडिओ

गेल्या रविवारी सकाळी माझ्या थोरल्या बहिणीने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन मिनिटांचा एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिले, "बघा, जपानमध्येसुद्धा आता गिटार कोणाला नको आहे. पुढच्या महिन्यापासून याचा क्लास बंद." यातला 'हा' म्हणजे माझा पंधरा वर्षांचा भाचा. तो दोन वर्षांपासून गिटार शिकतो आहे आणि त्याला हे वेड लागले तेच मुळी जपानी अ‍ॅनिमेच्या (म्हणजे तिथल्या कार्टून मालिकांच्या) शीर्षकगीतांमुळे. तोच व्हिडिओ संध्याकाळपर्यंत मला आणखी तीन गटांवर दिसला. तीनही ठिकाणी "किती खरे आहे" अशा प्रतिक्रिया होत्या, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

व्हिडिओचे म्हणणे थोडक्यात असे. आजच्या जपानी लोकप्रिय गाण्यांत गिटारचा सोलो, म्हणजे गाणे थांबवून एकट्या गिटारने पुढे येऊन वाजवायचा भाग, उरलेलाच नाही. स्ट्रीमिंग कंपन्या ज्या सेकंदांत शब्द गायले जातात तेवढ्याच सेकंदांचे पैसे देतात, म्हणून संगीतकारांनी सोलो कापून टाकले. मोबाइलवर वाढलेल्या पिढीला धीर नाही, सोलो आला की ती गाणे पुढे ढकलते. त्यामुळे जपानमधला गिटारचा धंदा बुडीत निघाला आहे. आणि या सगळ्याचे तात्पर्य काय, तर मुलांना गिटार शिकवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

मी क्रम मोडून पैशांच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या मुद्द्यांत कुठे ना कुठे खऱ्याचा अंश आहे आणि हा मुद्दा मात्र धादांत खोटा आहे. स्पॉटिफायवर एखादे गाणे तीस सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले असे धरले जाते, आणि पैशांची वाटणी अशा मोजलेल्या ऐकण्यांच्या प्रमाणात होते. त्या तीस सेकंदांत गायिका गात होती, गिटार वाजत होती की नुसते तबल्याचे बोल होते, याच्याशी त्या मोजणीला काहीही कर्तव्य नाही. शब्दांचेच पैसे मिळत असते, तर टी-स्क्वेअर या बँडच्या 'ट्रुथ'ला एक येनही मिळायला नको. १९८७ सालची ही रचना फुजी टीव्हीच्या फॉर्म्युला वन शर्यतींच्या प्रक्षेपणामुळे जपानच्या घराघरांत पोहोचली, ती गिटारवादक मासाहिरो आंदो यांनी बांधलेली आहे आणि तिच्यात गायलेला एकही शब्द नाही. केवळ वाद्यसंगीत करणाऱ्या सगळ्या जपानी बँडना या न्यायाने उपाशीच मरावे लागेल.

तीस सेकंदांच्या या नियमाचा गाण्यांवर परिणाम झालाच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. परिणाम झाला आहे, पण तो गाण्याच्या तोंडाशी झाला आहे. ऐकणारा पहिल्या काही सेकंदांत सोडून जाऊ नये म्हणून सुरुवातीचे संगीत आखडले गेले. केन्शी योनेझु या गायकाचे २०१८ मधले 'लेमन' आणि योआसोबी या जोडीचे २०१९ च्या अखेरीस आलेले 'योरु नि काकेरु' ही दोन्ही गाणी थेट आवाजानेच सुरू होतात. सोलोची जागा मात्र तिथे नसते. जपानी लोकप्रिय गाण्याची ठरलेली बांधणी अशी असते: 'ए मेलो', मग 'बी मेलो' हे कडव्याचे दोन भाग, मग 'साबी', म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर चढत चढत येणारा मुखडा. हे सगळे दोनदा झाले की 'कान्सो', म्हणजे मधले संगीत, आणि सोलो असलाच तर तो इथे. दुसऱ्या साबीपर्यंत पोहोचलेल्या श्रोत्याचे ऐकणे केव्हाच मोजले गेलेले असते. त्याला सोलो ऐकवला काय आणि न ऐकवला काय, त्या ऐकण्याच्या हिशेबात काहीच बदलत नाही. एवढे कबूल करतो की गाणे लहान असले तर ते पुन्हा पुन्हा लावले जाते, आणि गाणे लहान करायचे ठरले की कात्री पहिल्यांदा कान्सोवरच चालते. बिलबोर्ड जपानच्या लोकप्रिय गाण्यांच्या २०२४ च्या वार्षिक यादीत पहिले आलेले क्रीपी नट्स या जोडीचे 'ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न' तीन मिनिटांच्याही आत संपते, ते रॅप आहे आणि गिटारच्या सोलोला त्यात जागाच नाही. एवढी कबुली पुरे.

आता त्या अधीर तरुणांकडे वळू. २०२२ मध्ये जपानी समाजमाध्यमांवर 'तरुण मुले गिटारचा सोलो वगळून ऐकतात' या विषयावर खरोखरच मोठा वाद पेटला होता, आणि व्हिडिओवाल्याने बहुधा तोच कुठूनतरी अर्धवट उचलला आहे. त्याच वर्षी सान्सेइदो या शब्दकोश प्रकाशकांनी 'ताइपा' हा वर्षाचा नवा शब्द म्हणून निवडला. घातलेल्या वेळाच्या मानाने काय पदरात पडले, याचा हिशेब म्हणजे ताइपा. तेव्हा घाई आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ही घाई मोबाइलने जन्माला घातली आणि तिनेच सोलो मारला, हे म्हणणे टिकत नाही.

एक तर कान्सो वगळण्याचे बटण जपानी काराओके यंत्रांवर, म्हणजे तयार साथसंगीतावर आपण गायच्या यंत्रांवर, असतेच. हे बटण मोबाइलवरच्या शाळकरी मुलासाठी बनवलेले नाही. ताशी भाडे भरून खोलीत बसलेल्या आणि आपली पाळी कधी येते याची वाट पाहणाऱ्या कचेरीतल्या मंडळींसाठी ते बनवलेले आहे. सोलो सुरू असताना हातात माइक धरून नुसते उभे राहण्याचा अवघडलेपणा ज्याने अनुभवला आहे, त्याला त्या बटणाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. ज्या देशात गाणी ऐकण्याइतकीच गाण्यासाठीही विकत घेतली जातात, त्या देशात न गाता येणारा भाग पहिल्यापासूनच पाहुण्यासारखा होता.

दुसरे म्हणजे लाउडनेस, एक्स जपान आणि बोवी या रॉक बँडनी गाजवलेला, सोलोंच्या सुगीचा तो काळ. १९८५ साली लाउडनेसचा 'थंडर इन द ईस्ट' अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत ७४ व्या क्रमांकापर्यंत गेला, त्यांचे गिटारवादक अकिरा ताकासाकी यांची बोटे पाहून पोरे वेडी झाली, हे सगळे खरे आहे. पण त्यानंतर थेट स्ट्रीमिंग आले नाही. मध्ये तेत्सुया कोमुरो हे संगीतकार आले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर टीआरएफ व ग्लोब हे गट आणि गायिका नामिए आमुरो यांच्यासाठी त्यांनी केलेली नृत्यगीते याद्यांवर राज्य करत होती आणि त्या गाण्यांचा कणा सिंथेसायझर होता. तेव्हा स्मार्टफोन नव्हते, सीडी दणकून खपत होत्या, आणि त्या सीडी विकत घेणारी मुले आज पन्नाशीच्या आसपास पोहोचून 'हल्लीच्या पोरांना सोलो नको' म्हणून गळा काढत आहेत. त्यानंतर आलेल्या बऱ्याच रॉक बँडनीही लांबलचक सोलोकडे पाठ फिरवली, आणि तीही हौसेने. एशियन कुंग-फू जनरेशनच्या गाण्यांत दोन गिटारी एकमेकींत गुंतून चालतात, एकीने पुढे येऊन मिरवावे असा त्यांचा बाणाच नाही. त्यात अ‍ॅनिमेच्या शीर्षकगीताला मिळतात साधारण नव्वद सेकंद. माझ्या भाच्यासारखे लाखो श्रोते गाणे पहिल्यांदा त्या कापलेल्या रूपात ऐकतात, आणि सोलो तर पूर्ण गाण्याच्या तिसऱ्या चौथ्या मिनिटात दडलेला असतो. त्यांनी सोलो वगळला नाही, त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही.

आणि ज्या स्ट्रीमिंगवर सगळे खापर फोडले जाते, त्याचा जपानमधला वाटा तरी किती? रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ जपान या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेचे २०२३ चे आकडे पाहा. एकूण विक्री सुमारे ३३७ अब्ज येन, त्यातली सुमारे २२० अब्ज येनची विक्री सीडी, रेकॉर्ड आणि डीव्हीडी अशा हातात धरता येणाऱ्या वस्तूंची, आणि स्ट्रीमिंग व डाउनलोड मिळून सुमारे ११६ अब्ज. जगात बहुतेक ठिकाणी हे पारडे केव्हाच उलटे झाले, जपानमध्ये मात्र त्या वर्षीही जवळजवळ दोन तृतीयांश पैसा वस्तूंतून आला. आयडॉल गटांचे, म्हणजे नाचत गाणाऱ्या तरुण कलाकारांच्या गटांचे, चाहते एकेक जण ढिगाने सीडी घेतात म्हणून हा आकडा फुगतो, हे मला माहीत आहे. पण त्यातून माझेच म्हणणे पक्के होते. सीडीवरच्या गाण्यांतूनही सोलो कमी झाला असेल, तर त्याची कारणे अ‍ॅपमध्ये शोधून सापडणार नाहीत. पाचसात आवाजांत ओळी वाटून द्यायच्या आणि मधल्या संगीतावर नाच बसवायचा, असे गाणे ज्या धंद्याला हवे असते तिथे गिटारवाल्याला पुढे कोण बोलावणार?

सोलो 'उरलेलाच नाही' या दाव्यासाठी मी फार जागा खर्च करणार नाही. किंग नू या बँडच्या २०१९ मधल्या 'हाकुजित्सु'त तो आहे, आणि हे काही कोपऱ्यात पडलेले गाणे नव्हे. बीझ या रॉक जोडीचे गिटारवादक ताकाहिरो मात्सुमोतो, जे एके काळी कोमुरोंच्याच टीएम नेटवर्क या बँडला साथीला गिटार वाजवत, त्यांनी अमेरिकन गिटारवादक लॅरी कार्लटनबरोबर केलेल्या वाद्यसंगीताच्या अल्बमला २०११ मध्ये ग्रॅमी मिळाले, आणि २०२४ च्या ३१ डिसेंबरला बीझ पहिल्यांदाच एनएचके या सरकारी वाहिनीच्या 'कोहाकु' या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात उभे राहिले तेव्हा त्यांची मोठी चर्चा झाली.

पण खरी गंमत पुढेच आहे. व्हिडिओच्या अगदी पहिल्या चित्रात गुलाबी केसांची, गुलाबी जाकीट घातलेली, गिटार घेऊन मान खाली घातलेली एक मुलगी आहे. भाच्याने ती क्षणात ओळखली. ती 'बोच्ची द रॉक' या २०२२ च्या अ‍ॅनिमेची नायिका हितोरी गोतो आहे. चारचौघांत तोंड उघडायला घाबरणारी ही शाळकरी मुलगी केवळ गिटारमधून बोलते. मालिकेच्या बाराव्या आणि शेवटच्या भागात, शाळेच्या उत्सवात ऐन गाण्यात तिच्या गिटारची तार तुटते, दुसरी तार सुरात लागत नाही, मैत्रीण साथीचे वाजवून वेळ काढते आणि ही मुलगी पायाशी पडलेला साकेचा, म्हणजे तिथल्या तांदळाच्या दारूचा, रिकामा पेला उचलून तारांवर घसरवत सोलो पुरा करते. मालिकेचा सगळा चढाव त्या सोलोपर्यंत नेलेला आहे. त्या गाण्यांच्या 'केस्सोकु बँड' या अल्बममधली गिटार वाजवणाऱ्या मित्सुई रित्सुओ यांच्या सुरावटी उतरवून काढणारी हजारो मुले आज इंटरनेटवर आहेत. सोलो मेला हे सांगायला नेमके हिचेच चित्र लावावे, यावरून व्हिडिओ करणाऱ्याचा अभ्यास कळतो. (मालिकेतल्या बँडमधल्या चौघींची आडनावे एशियन कुंग-फू जनरेशनच्या चौघांची आहेत. सोलोबद्दल उदासीन बँडच्या नावाने सोलो वाजवणारी नायिका, हा विनोद मला फार आवडतो.)

बुडीत धंद्याबद्दल एकच वाक्य: फेंडर या गिटार बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने आपले जगातले पहिले खास दालन २०२३ च्या जूनमध्ये टोकियोच्या हाराजुकु भागात उघडले, आणि बुडणाऱ्या बाजारात कोणी असे करत नाही.

राहता राहिला तो शेवटचा उपदेश, ज्याच्यामुळे आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. सोलो कमी झाले, म्हणून गिटार शिकणे व्यर्थ, असे म्हणणाऱ्याने आजची जपानी गाणी नीट ऐकलेली नाहीत. गिटार कान्सोतून उठून गाण्याभर पसरली आहे. मिसेस ग्रीन अ‍ॅपलच्या २०२४ मधल्या 'लायलॅक'ची सुरुवातच बँडचा गिटारवादक हिरोतो वाकाईच्या इतक्या चपळ सुरावटीने होते की, भाचा गेले तीन महिने ती अर्ध्या वेगात घोटतो आहे आणि अजून त्याची करंगळी वेळेवर पोहोचत नाही. जुन्या काळातले कितीतरी सोलो त्याने याहून लवकर बसवले होते. गायकाच्या दोन ओळींमध्ये भरायच्या छोट्या जागा, साबीच्या मागे धावणारी दुसरी सुरावट, उजव्या हाताचा नेमका ठेका, हे सगळे आज गिटारवाल्याकडून मागितले जाते. ते सोलोपेक्षा सोपे आहे असे ज्याला वाटते त्याने एकदा वाजवून पाहावे.

मोठ्यांनी गिटारपायी मुलांची काळजी करणे जपानलाही नवे नाही. १९६५ साली इलेक्ट्रिक गिटारची लाट आली, तेव्हा तोचिगी प्रांतातल्या आशिकागा शहराच्या शिक्षण मंडळाने विद्यार्थ्यांना ती वाजवण्यास बंदी केली होती. तेव्हा तक्रार होती की पोरे गिटार फार वाजवतात. दोनच वर्षांनी गिटारवादक ताकेशी तेराउची यांनी बेथोव्हेनची पाचवी सिंफनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवली आणि जपान रेकॉर्ड पुरस्कारांत संयोजनाचे पारितोषिक घेतले.

ताईला मी हे सगळे फोनवर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्याच्या सरांना सांगू का, सोलो राहू द्या आणि त्या लायलॅकचे बघा?" मी म्हटले, दोन्ही बघायला सांग. या महिन्याची फी तिने काल भरली आहे. व्हिडिओ मात्र गटावर अजून तसाच आहे.