पुढच्या इंजेक्शनचा भरवसा

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद ठरलेला आहे. कुणीतरी इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या संपाची नाहीतर तुंबलेल्या वेटिंग लिस्टची बातमी टाकतं आणि मला टोमणा येतो, "तिकडे वर्षभर थांबावं लागतं म्हणे! इथे सकाळी फोन करा, संध्याकाळी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टसमोर, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरसमोर, बसा." त्यावर लगेच दुसरा कुणी, "पण तिला तिकडे सगळं फुकट आहे, इथे एफडी मोडावी लागते." दोघांचंही खरं आहे, त्यामुळे वाद मिटत नाही.

मला त्यात ओढायचं कारण साधं आहे. मी मूळची सांगलीची, राहते लीड्सला. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, आहे आणि दर पंधरा दिवसांनी मी अडालिमुमॅबचं इंजेक्शन मांडीत टोचून घेते. विट्याला राहणारी माझी मावसबहीण, आमची ताई, तिलाही हाच आजार आणि हेच औषध. म्हणजे ती घेत होती, मध्ये सोडलं, आता पुन्हा घेते. औषधावर समाधानी आहात का, असं कुणी कागद पुढे करून विचारलं तर आम्ही दोघीही 'हो' वर खूण करू. माझी तक्रार त्या कागदाबद्दल आहे.

औषधाबद्दल तक्रार नाहीच. ज्याने सकाळी उठून दाताला लावायच्या ब्रशवर पेस्ट पिळायला दोन्ही तळहात वापरलेत, त्याला हे औषध लागू पडणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आणि जोडीला फॉलिक ॲसिड यांवर जगातले पुष्कळ रुग्ण निभावतात. ज्यांचं निभत नाही त्यांच्यासाठी बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं औषध. अडालिमुमॅब त्यातलंच. टीएनएफ नावाचा सूज पेटवणारा रेणू अडवला तर सांधे शांत होतात, हे लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी दाखवलं. १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांना असं टीएनएफ अडवणारं औषध दिलं गेलं. यातले मैनी जन्माने लुधियानाचे, हे ग्रुपवर सांगितलं की दोन्ही पक्ष थोडा वेळ खूश असतात.

तर समाधान मोजायचं कसं? इथे लीड्समध्ये प्रत्येक तपासणीला नर्स एक कागद देते. त्यावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला 'अगदी छान', उजव्या टोकाला 'अगदी वाईट'. मधे कुठेतरी उभी फुली मारायची. मग ती अठ्ठावीस सांधे दाबून बघते, किती दुखतात, किती सुजलेत ते मोजते, शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी (ईएसआर किंवा सीआरपी) घेते आणि या सगळ्याचा मिळून एक आकडा निघतो. त्याला डास-२८ म्हणतात. त्या अठ्ठाविसांत खांदे, कोपरं, मनगटं, बोटं, गुडघे येतात. पावलं आणि घोटे येत नाहीत. माझं दुखणं असतं ते नेमकं तळपायांत. म्हणजे फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही आणि कागदावर मी जवळपास बरी असते. नर्सला सांगितलं तर ती मनापासून हळहळते, बाजूला टीपही लिहिते, पण आकडा तोच राहतो.

या आकड्यावर इथे पुष्कळ काही अवलंबून असतं. फार काळ नियम असा होता की मेथोट्रेक्सेट धरून किमान दोन साधी औषधं करून बघा, तरीही आकडा ५.१ च्या वर असेल तरच बायोलॉजिक. २०२१ मध्ये काही औषधांसाठी ही पायरी ३.२ वर आली. तोवर ४.८ वर असलेल्या माणसाने काय करायचं? सहन करायचं. सहा महिन्यांनी पुरेसा फरक दिसला नाही तर ते औषध थांबवतात, हेही आलंच. आणि त्याआधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टपर्यंत पोचायचं असतं. सूज आलेल्या रुग्णाला तीन आठवड्यांत बघावं असं इथलं प्रमाण सांगतं. माझे महिने गेले. ग्रुपवरचे टोमणे मी गिळते ते यामुळेच.

पण एकदा आत शिरलं की चित्र पालटतं. औषध घरी येतं, पैसे मागत कुणी येत नाही. ('फुकट' मात्र म्हणू नका. कामाच्या व्हिसावर आलेला माणूस सहसा करांखेरीज वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरतो.) घरपोच पोचवण्याचं काम खासगी कंपन्यांकडे आहे आणि त्या कामात गोंधळ भरपूर. इथल्या संसदेतल्या लॉर्ड्स सभेच्या एका समितीने २०२३ च्या नोव्हेंबरात त्यावर कडक अहवाल दिला होता. माझ्याही वाट्याला तो गोंधळ आला. गाडी आली नाही, फोनवर तासभर संगीत ऐकलं, डोस आठवडाभर लांबला आणि मनगट पुन्हा फुगलं. चिडले खूप. पण पुढचं इंजेक्शन येणारच नाही, अशी धास्ती एकदाही वाटली नाही. आमच्या दोघींतला खरा फरक इथे आहे, आणि तो कुठल्याच रेघेवर उमटत नाही.

ताईचं उलट. तिला पुण्यात आठ दिवसांत अपॉइंटमेंट मिळाली, त्याच भेटीत निदान, तपासण्यांचे रिपोर्ट आल्यावर बायोलॉजिकचा सल्ला. भारताने या बाबतीत जगाच्या पुढे पाऊल टाकलं होतं हेही खरं. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिकशी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध, बाजारात आणलं, मूळ औषधाच्या अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण एक पंचमांशात. युरोपात मूळ औषधाचं पेटंट संपलं २०१८ च्या ऑक्टोबरात. त्यानंतर एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, हजारो रुग्णांना बायोसिमिलरवर वळवलं, कारण या एका औषधावर वर्षाला ४० कोटी पौंडांहून जास्त खर्च होत होता. तेव्हा इथल्या गोऱ्या रुग्णांत "स्वस्तातलं लावतायत" अशी कुजबुज होती. औषध बदललं या कल्पनेनेच काहींचे सांधे दुखायला लागतात, यालाही वैद्यकात नाव आहे. विट्यातही "देशी कॉपी ती, ओरिजिनल घे" असं सांगणारे भेटतात. दोन्हीकडच्या शहाण्यांची एकदा गाठ घालून द्यायला हवी. बायोसिमिलरला घाबरायचं कारण मला दिसत नाही. नॉर्वेत सरकारी खर्चाने मूळ इन्फ्लिक्सिमॅबवरून (हेही टीएनएफ अडवणारंच औषध) बायोसिमिलरवर वळवलेल्या रुग्णांची तपासणी झाली, त्यात वळवलेले रुग्ण मूळ औषधावर राहिलेल्यांपेक्षा मागे पडले नव्हते.

टीबीची भीती मात्र खरी. टीएनएफ अडवला की शरीरात कोंडून ठेवलेला टीबी बाहेर पडू शकतो, आणि जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. म्हणून ताईचा छातीचा एक्स-रे झाला, रक्ताची तपासणी झाली, आधी आयसोनियाझिड हे टीबीचं औषध सुरू झालं. मी इथे दहा वेळा "जन्म भारतात" सांगितल्यावर माझंही तेच झालं. दोन्हीकडे काळजी सारखीच, याचं मला बरं वाटलं.

मग ताईने औषध का सोडलं? तिला बरं वाटत होतं म्हणून. महिन्याला दोन इंजेक्शनं, खर्च पाच आकडी, मुलाची इंजिनिअरिंगची फी. बोटं वळायला लागली, भाकरी थापता आली, तेव्हा घरात ठरलं की आता पुरे. "झालं की काम," दाजी म्हणाले. डॉक्टरांनी नाइलाजाने मान डोलावली. असे कितीतरी रुग्ण पाहिले असणार त्यांनी. पाच-सहा महिन्यांत सगळं परत आलं. मधल्या काळात कुणीतरी सांगितलेली वाताची पुडीही झाली. तिनं दोन दिवसांत गुण दिला, तेव्हाच मला शंका आली. इतक्या झटपट गुण बहुधा स्टेरॉइडचाच असतो.

आता सांगा, सोडण्याआधी तिला समाधानाचा कागद दिला असता तर तिने काय लिहिलं असतं? दहापैकी दहा. आणि सोडल्यानंतर? तेव्हा ती दवाखान्यातच नव्हती, कागद देणार कुणाला. बायोलॉजिक घेणारे रुग्ण समाधानी असतात हे पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसतं. मला ते अजिबात खोटं वाटत नाही. फक्त ज्यांना लागू पडलं नाही आणि ज्यांना परवडलं नाही, ते त्या रांगेत उभेच नसतात. शिवाय आपल्याकडे डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं की "बरंय की साहेब" हेच उत्तर. खरं काय ते सोबत आलेली सून दाराशी थांबून सांगते.

म्हणून मला वाटतं, इकडे असो वा तिकडे, रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: सहा महिन्यांनी हेच औषध तुमच्या हातात असेल याची खात्री आहे का? या प्रश्नावर लीड्समधली कुरकुरी मी पुढे जाईन आणि विट्यातली आनंदी ताई मागे पडेल. अपॉइंटमेंट किती दिवसांत मिळाली यावर हा वाद घालणं मला आता निरर्थक वाटतं.

खात्री कुठून यायची? ताईकडे बऱ्यापैकी मेडिक्लेम आहे. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या २०१९ च्या सूचनांत आधुनिक उपचारांची यादी होती. त्यात इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच ठरावीक रेणूला चिकटणारी, प्रयोगशाळेत बनवलेली प्रथिनं) होत्या आणि त्या सरसकट वगळू नयेत असं म्हटलं होतं. अडालिमुमॅब ही मोनोक्लोनल अँटिबॉडीच. तरीही क्लेम नाकारला गेला: रुग्ण भरती नव्हता, इंजेक्शन घरी घेतलं, म्हणजे ओपीडी. जे इंजेक्शन घरी घेता यावं म्हणून पेनसारख्या सिरिंजमध्ये भरलं, जे ती पुण्याहून थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून एसटीने मांडीवर धरून आणते, त्यासाठी तिने पलंग अडवून बसावं अशी अपेक्षा. सलाइनमधून द्यायचं औषध घेतलं असतं तर कदाचित पास झालं असतं, असं एजंट म्हणाला. कुठलं औषध घ्यायचं हे सांध्यांनी ठरवायचं की क्लेमच्या फॉर्मने?

ग्रुपवर मी यावेळी वादात पडले नाही. दाजींना वेगळा मेसेज केला. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या, महिनाभर थांबा, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा, त्यात औषध मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे हे स्पष्ट लिहून घ्या. दाजींनी अंगठा पाठवला आणि विचारलं, पत्र मराठीत चालेल की इंग्रजीत?