'तुम्हाला काय, फोटो काढून परत जायचं': एका प्रतिक्रियेला उत्तर

रत्नागिरीकर,

टोपणनावाने लिहिलंत, पण मुद्दे खरे आहेत. म्हणून 'धन्यवाद, आपल्या मताचा आदर आहे' असं लिहून मोकळा होत नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: मध्य अंदमानातल्या लाँग आयलंडवर लालाजी बे नावाचा किनारा आहे, त्याबद्दल मी लिहिलं होतं. ना हॉटेल, ना टपरी, ना जेट-स्की. शेवटी 'या किनाऱ्यावर काहीही न होवो' असं म्हटलं होतं. त्यावर रत्नागिरीकरांनी मला चांगलंच धुतलंय. शहरातली माणसं चार दिवस येतात, ओसाड किनारा बघून हरखतात आणि तिथल्या लोकांनी जन्मभर तसंच राहावं अशी इच्छा करून विमानात बसतात, हा मुख्य आरोप. सीआरझेडमुळे (म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या केंद्राच्या नियमांमुळे) आम्हाला स्वतःच्या वाडीत दोन खोल्या बांधता येत नाहीत आणि तुमच्यासारखे पुणेकर त्याचं कौतुक करतात, हा दुसरा. जीवरक्षक नसलेल्या पाण्यात लोकांना उतरवताय, जारवा आदिवासींच्या जंगलातून गेलात ते लपवताय, आणि जायचं कसं ते न सांगता जागा आपल्यापुरती ठेवताय, हे उरलेले तीन.

पाण्याचं आधी. तिथे पोहा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, आणि आता स्पष्टच लिहितो: एकट्याने उतरू नका, आणि खाडीच्या तोंडाजवळ तर मुळीच नको. अंदमानच्या खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्या समुद्रातूनही फिरतात. २०१० मध्ये हॅवलॉक बेटावर (आता स्वराज द्वीप) राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करणारी एक अमेरिकन तरुणी मगरीच्या हल्ल्यात गेली. राधानगर म्हणजे काही आडबाजूचा किनारा नव्हे. तेव्हा गावात विचारायचं, आणि ते नको म्हणाले तर गुडघाभर पाण्यावर समाधान मानायचं.

जारवांचं. नाही, रस्त्याने गेलो नाही. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) उत्तरेकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव जंगलातून जातो. तो तिथे बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं. गाड्या अजूनही ताफ्याने जातात, आणि त्यातल्या बऱ्याच लोकांना वाटेवरच्या गुहा-बिहा गौण असतात, त्यांना काचेतून 'ते' दिसायला हवे असतात. मला त्या ताफ्यात बसायचं नव्हतं. सरकारी बोट आहे, तिने जाता येतं. वेळ लागतो आणि तिकिटाची खात्री नसते, एवढंच.

आता तुमचा खरा मुद्दा. यावर मात्र मी हटणार नाही.

लाँग आयलंड हे कुणाचा हात न लागलेलं स्वर्गीय बेट आहे असा समज तुमचा झाला असेल, तर ते तसं नाही. तिथे एकदा विकास येऊन गेलाय. प्लायवूडचा कारखाना होता, बेटावरची निम्मी-अधिक धावपळ त्याच्या जिवावर चालायची. तो बंद पडला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या त्याच आदेशाने अंदमानातल्या व्यापारी लाकूडतोडीलाही लगाम बसला. कामं गेली तशी बरीच माणसंही गेली. आज बेटावर हजाराच्या आसपास वस्ती आहे. म्हणजे ज्या शांततेचं मी कौतुक करतो तिच्यातली थोडी बंद कारखान्याची शांतता आहे, हे मला दिसत नाही असं समजू नका. आणि किनारा म्हणाल तर तोही काही कॅलेंडरवरचा नाही. भरतीने मुळं उघडी पाडलेली सी-महुआची झाडं वाळूवर आडवी झालेली, आणि त्यांच्या फांद्यांत अडकलेल्या थाई अक्षरांच्या शीतपेयाच्या बाटल्या, बर्मी लेबलाचा तेलाचा डबा, चपला (नेहमी एकच पाय, जोडी कधीच नाही). समुद्र पलीकडच्या देशांचा कचरा आणून टाकतो आणि उचलायला कुणी नाही. वर सँडफ्लाय, वाळूतल्या बारीक चावऱ्या माश्या. घोटे इतके फोडून काढतात की आठवडाभर खाजवत बसावं लागतं.

पण बेटाला काय हवंय ते किनाऱ्यावर कळत नाही, जेटीवर कळतं. बोट लागली तेव्हा ओहोटी होती. बोटीचा कठडा आणि जेटीची पायरी यांत चांगलंच अंतर पडलेलं. आधी गॅसच्या टाक्या उतरल्या, मग सुतळीने बांधलेले अंड्यांचे ट्रे, भाजीच्या गोणी, पिल्लांची खोकी. मग एक आजी. पायाला प्लास्टर. दोन खलाशांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवली, खुर्चीचे पाय धरून खाली सोडली, आणि खालच्या दोघांनी झेलली. आजी सबंध वेळ त्यांनाच ओरडत होती, 'आरामसे, आरामसे'. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. पोर्ट ब्लेअरला हाड बसवायला गेलेलं माणूस असंच परत येतं.

आता मला सांगा, लालाजी बेवर रिसॉर्ट झालं तर या आजीच्या खुर्चीचं काय होणार?

हा प्रश्न हवेतला नाही. केंद्राने २०१७ पासून ज्या बेटांच्या 'समग्र विकासा'चा घाट घातला त्यांत लाँग आयलंड आहे, आणि नीती आयोगाच्या आराखड्यात लालाजी बेला २२० खोल्यांचं रिसॉर्ट आहे, खासगी भागीदारीतून. खोलीत दोन माणसं धरा, ४४० झाली. वर राबणारे लोक वेगळे. हजारेक वस्तीच्या बेटावर ही सगळी माणसं पाणी कुठून पिणार? खुद्द पोर्ट ब्लेअरला उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. विजेची गतही तीच, द्वीपसमूहातली बहुतेक वीज डिझेल जाळून होते आणि ते डिझेल जहाजाने येतं. पाहुणे स्पीडबोटीने थेट रिसॉर्टच्या धक्क्यावर उतरतील, गावाच्या जेटीशी त्यांचा संबंध येणारच नाही. गावाला काय मिळेल? चादरी बदलण्याची आणि बागेला पाणी घालण्याची कामं, तीही मिळाली तर.

गावाला हवी आहे ती वेळेवर सुटणारी आणि पावसाळ्यातही शक्य तितकी चालणारी बोट, ओहोटीतही उतरता येईल अशी जेटी, कायम हजर असणारा डॉक्टर, आणि पोरांना बारावीनंतर बेट सोडावं लागू नये असं काहीतरी. यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. यातल्या एकाही गोष्टीला लालाजी बेची वाळू लागत नाही. 'काहीही न होवो' हे मी किनाऱ्याबद्दल लिहिलंय, गावाबद्दल नाही, आणि ते वाक्य तसंच राहणार. विकासाचं नाव गावाचं घ्यायचं आणि जमीन किनाऱ्याची द्यायची ही जुनी खोड आहे, तुमच्या जिल्ह्याला ती नवी नसावी.

सीआरझेडचा तुमचा राग मात्र मला शंभर टक्के पटतो. फक्त तो माझ्यावर का काढताय? २०१९ च्या नियमांनी दाट वस्तीची गावं सोडली तर ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामबंदी ठेवली. म्हणजे आजोबांच्या नारळी-सुपारीत तुम्ही दोन खोल्या सहजासहजी काढू शकत नाही. त्याच वर्षी अंदमान-निकोबारच्या मोठ्या बेटांसाठी वेगळी अधिसूचना निघाली आणि तिथे ही पट्टी ५० मीटरवर आली. कोकणातल्या माणसाला २०० आणि रिसॉर्टवाल्याला ५०! तुमचं आणि माझं भांडण इथे संपायला हवं, कारण आपण दोघं एकाच बाजूला आहोत. घरमालकाला घरच्या दोन खोल्या वाढवायला परवानगी मिळावी, या मागणीवर मी आजही सही करीन.

आणि ते करता येतं, याचा दाखला तुमच्याच जिल्ह्यात आहे. मंडणगड तालुक्यातलं वेळास. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव आला. लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात, गावातल्या घरांत उतरतात, पडवीत झोपतात, घरातलंच जेवतात. किनाऱ्यावर घरटी आणि वाळू. पैसा जातो तो चूल पेटवणाऱ्याच्या हातात. कुणी म्हणेल हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, त्यात कुणाचं घर चालतं? खरंय, पूर्ण चालत नाही. पण चालतं ते स्वतःचं घर असतं. लाँग आयलंडवरही जेटीजवळ राहायची साधी सोय आहे, आणि मी दिलेले पैसे कुठे गेले ते मला समोर दिसत होतं: मासळीवाल्याला, डोंगीवाल्याला, आणि ज्या काकूंनी भात वाढता वाढता 'मुंबईत समुद्र आहे ना, मग इतक्या लांब कशाला?' असं विचारलं त्यांना. त्याचं धड उत्तर मला देता आलं नव्हतं.

एक मात्र मान्य करतो. बाहेरच्याने येऊन मत द्यावं का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. निर्णय बेटावरच्यांचा. त्यांनी ग्रामसभेत बसून, आराखडा समजून घेऊन २२० खोल्या हव्यात म्हटलं, तर मी लेख लिहून फार तर चरफडेन. पण आराखडा दिल्लीत होणार, निविदा परस्पर निघणार आणि आपण 'स्थानिकांची आकांक्षा' म्हणून तो मिरवायचा, याला मी हो म्हणणार नाही.

आता जायचं कसं, म्हणजे लपवाछपवीचा आरोप तरी मिटेल. मराठी माणसं सेल्युलर जेल बघायला जातातच. तिथून फिनिक्स बे जेटी जवळ आहे, लाँग आयलंडच्या बोटी तिथून आठवड्यातून काही दिवस सुटतात. वेळापत्रक बदलत राहतं, आणि बेटवासीयांना प्राधान्य असतं, ते असायलाच हवं. जून ते सप्टेंबर जाऊ नका. गावातून लालाजी बेपर्यंत जंगलातून दीड-दोन तासांची वाट आहे, भरतीची वेळ विचारून निघा, पाणी बरोबर घ्या, कचरा परत आणा. पायाला लावायला खोबरेल तेल घ्या, सँडफ्लायवर तेच त्यातल्या त्यात चालतं. थेट बोट मिळाली नाही तर पोर्ट ब्लेअरहून बोटीनेच मध्य अंदमानातल्या रंगत या गावी जा आणि जवळच्या येराट्टा जेटीवरून छोटी बोट पकडा. ती चुकली तर रात्र रंगतला काढावी लागते. लॉज आहेत, मासळीही बरी मिळते.