उडत्या तासांचं मस्टर

गोंदियाकडे बिरसीच्या धावपट्टीवरून उठलेलं शिकाऊ विमान घरघरत बांध्यांवरून गेलं, की धान कापणाऱ्या बाया विळा थांबवून वर पाहतात. असंच पाहता पाहता तुमच्या बापाने दोन एकर विकून तुम्हाला पायलट व्हायला धाडलं असेल, तर आधी अभिनंदन. कमर्शियल लायसन्ससाठी डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी महासंचालनालयाला, उड्डाणाचे २०० तास लागतात. घाबरू नका. आपल्याकडे चिंचेखाली बाजेवर बसून अख्ख्या शिवाराची पीकपाहणी होते, तिथे २०० तास म्हणजे काय मोठं! पेन घ्या, लॉगबुक (उड्डाणांची वही) उघडा.

नियम म्हणतो, उड्डाणासाठी विमान स्वतःच्या जोरावर हललं की वेळ सुरू, उतरून थांबलं की बंद. तुम्ही होस्टेलातून निघाल्यापासून धरा. टपरीवरचा तर्री-पोहाही त्यातच बसतो.

यातले १०० तास विमान तुमच्या हुकमतीत हवं. शेजारी इन्स्ट्रक्टर शिकवत असेल तर ते तास 'ड्युअल'मध्ये जातात, म्हणे. कशाला? बैलगाडीत कासरा बापाच्या हातात असला तरी मांडीवरचं पोट्टं गावभर 'मीच हाकलली' सांगतेच ना!

इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता नुसत्या काट्यांवर उडायचे, १० तास. त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर चालतात, उरलेले डोळे मिटून लिहा. रात्रीचे ५, त्यात किमान १० टेकऑफ अन् १० लँडिंग. लोडशेडिंगच्या रात्री अंगणात बसून उरकून घ्या.

क्रॉस-कंट्रीत, म्हणजे लांबच्या उड्डाणांत, एक खेप किमान ३०० नॉटिकल मैलांची हवी, म्हणजे सुमारे ५५६ किलोमीटर, अन् वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. नकाशावर हे वीतभरही भरत नाही. फक्त तिथला टॉवर, इंधनाचं बिल आणि विमानाचं स्वतःचं लॉगबुक, या तिघांना आधी पटवून ठेवा. रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेला माणूसही माती उचलतो, पण त्याच्या फावड्याला मीटर नसतो. विमानाला असतो.

अन् हो, वेळ यूटीसीत, म्हणजे जगभरच्या प्रमाणवेळेत, लिहायची. ती आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे पहाटे सव्वापाचचं उड्डाण आदल्या तारखेला २३:४५ वर जातं. आमच्या एका दोस्ताला (गाव अन् स्कूल सांगत नाही) अर्धंच कळलं. खोटं उड्डाण लिहायला त्याने मंगळवारची पहाट निवडली, वेळ बरोबर २३:४५ टाकली, तारीख मात्र मंगळवारचीच ठेवली. उड्डाण सरकलं बुधवारच्या पहाटेवर. बुधवारी ते विमान हँगरात होतं, शंभर तासांच्या तपासणीला, काऊलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून जमिनीवर ठेवलेलं.

इन्स्ट्रक्टरने पान दोनदा वाचलं, चष्मा काढला अन् विचारलं, "काऊन रे, झाकण काखेत धरून उडला होता का?"