महासत्तेच्या बळामुळे जग सुरक्षित राहते का? एका फिरत्या दाव्याला उत्तर

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: अमेरिका लष्करी बळात सगळ्यांच्या पुढे राहिली म्हणूनच जगात शांतता टिकली. क्षेपणास्त्रविरोधी ढाल (येणारी क्षेपणास्त्रे वाटेतच पाडणारी यंत्रणा) कुणाचे वाईट करत नाही, अण्वस्त्रांमुळे तिसरे महायुद्ध टळले, १९८० च्या दशकातले अमेरिकी अध्यक्ष रेगन यांनी शस्त्रस्पर्धा करूनच सोव्हिएत संघ मोडला, बळ पाहून लहान देश आपोआप नमतात, आणि करार पाळणारा नेहमी फसतो. यातले एकेक वाक्य ऐकायला पटते, म्हणून त्यांचा नीट समाचार घ्यायला हवा. अमेरिकेत याच समजुतींच्या आधारावर आज प्रचंड खर्चाचे निर्णय होत आहेत.

ढालीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे.

दोन अण्वस्त्रधारी देश एकमेकांवर हल्ला करत नाहीत, कारण आपण आधी वार केला तरी समोरच्याची उरलेली क्षेपणास्त्रे आपल्यावर येऊन पडतील, हे दोघांनाही ठाऊक असते. तो उलटवार अडवण्याची सोय एकाकडे झाली, की दुसऱ्याला त्यात पहिला वार करून सहीसलामत सुटण्याची तयारी दिसते. ढाल बांधणाऱ्याचा हेतू स्वच्छ असेलही. पण दुसऱ्याच्या हेतूवर विसंबून कोणताही सेनापती आपल्या देशाचे संरक्षण आखत नाही. समोरच्याला काय करता येईल, हेच तो मोजतो. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी सप्टेंबर १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भाषणात ही क्रिया-प्रतिक्रियेची साखळी स्पष्ट मांडली होती. आणि त्याच भाषणाच्या शेवटी, चीनचे कारण देऊन, त्यांनी मर्यादित क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा उभारण्याची घोषणाही केली. धोका कळत असूनही पाऊल पडते ते असे.

पुढे काय झाले पाहा. सोव्हिएत संघ मॉस्कोभोवती अशीच यंत्रणा उभारत होता. ती भेदता यावी म्हणून अमेरिकेने एकाच क्षेपणास्त्रावर अनेक अण्वस्त्रे बसवण्याचे तंत्र विकसित केले, आणि १९७० मध्ये तीन-तीन अण्वस्त्रे वाहणारी ‘मिनिटमन-३’ तैनात होऊ लागली. काही वर्षांत सोव्हिएत संघानेही तेच केले, आणि त्यांची क्षेपणास्त्रे जास्त अवजड असल्यामुळे एकेकावर जास्त अण्वस्त्रे मावली. मॉस्कोभोवतीच्या मोजक्या प्रतिक्षेपणास्त्रांच्या भीतीतून दोन्हीकडे हजारो अण्वस्त्रे वाढली. १९७२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या एबीएम (क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांविषयीच्या) कराराने अशा यंत्रणांवर मर्यादा घातली, ती हा अनुभव डोळ्यांसमोर असताना.

त्या करारातून अमेरिका जून २००२ मध्ये बाहेर पडली. कारण दिले गेले ते इराण, उत्तर कोरिया अशा देशांचे. अलास्का आणि कॅलिफोर्नियात मिळून आज ४४ प्रतिक्षेपणास्त्रे आहेत. रशियाचा पूर्ण हल्ला त्यांनी थांबणार नाही, हे रशियालाही कळते. भीती असते ती आज ४४ असलेली उद्या किती होतील याची. १ मार्च २०१८ रोजी पुतिन यांनी ‘सारमात’ हे अवजड क्षेपणास्त्र, ‘अवांगार्द’ हे अतिवेगवान अस्त्र आणि अणुशक्तीवर चालणारे पाणतीर ‘पोसायडन’ जगाला दाखवले, तेव्हा एबीएम करार मोडल्याचा उल्लेख त्यांनी मुद्दाम केला. २०२१ मध्ये चीनच्या वाळवंटात क्षेपणास्त्रांसाठी खणलेली शेकडो भूमिगत कोठारे उपग्रहचित्रांत दिसली. मे २०२५ मध्ये ट्रम्प यांनी १७५ अब्ज डॉलरच्या ‘गोल्डन डोम’ या देशव्यापी ढालीची घोषणा केली. ती व्हायच्या आधीच रशिया आणि चीन यांनी संयुक्त निवेदनात या योजनेवर टीका केली होती. पुतिन यांच्या अणुधमक्या आणि चीनची गुप्तता यांचे समर्थन मी करत नाही. ‘आमच्या ढालीने कुणाचे काही बिघडत नाही’ हे विधान मात्र पन्नास वर्षांच्या इतिहासासमोर टिकत नाही.

अण्वस्त्रांमुळे महायुद्ध टळले, असे म्हणणाऱ्यांनी २७ ऑक्टोबर १९६२ हा दिवस आठवावा. क्यूबाजवळ अमेरिकी युद्धनौका सोव्हिएत पाणबुडी बी-५९ वर इशाऱ्याचे स्फोट करत होत्या. त्या पाणबुडीत अण्वस्त्र असलेला पाणतीर होता. तो न सुटण्यामागे पाणबुडीवरचे अधिकारी वासिली आर्खिपोव यांचा शांतपणा होता. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत संगणकाने अमेरिकी क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला आणि कामावर असलेले अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो चुकीचा ठरवला. दोघांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे, पण अशा योगायोगाला सुरक्षाव्यवस्था म्हणता येत नाही. शिवाय कोरिया, व्हिएतनाम आणि अफगाणिस्तानात मेलेल्या लाखो माणसांना ‘टिकलेली शांतता’ लाभली नव्हती.

रेगन यांचा दाखला अर्धाच दिला जातो. अंतराळातून क्षेपणास्त्रे अडवण्याची त्यांची योजना मार्च १९८३ ची. त्यानंतरही सोव्हिएत अण्वस्त्रे वाढतच राहिली आणि जगातला एकूण साठा १९८६ च्या सुमारास सत्तर हजारांच्या घरात पोचला. त्या वर्षी रेक्याविकमध्ये सगळी अण्वस्त्रे नष्ट करण्यापर्यंत आलेली चर्चा फिसकटली ती याच योजनेच्या चाचण्यांवरून. १९८७ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव यांनी तो मुद्दा बाजूला ठेवला, मग मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंदी घालणारा आयएनएफ करार झाला आणि २,६९२ क्षेपणास्त्रे मोडीत निघाली. तोवर रेगनही बदलले होते. अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीच लढले जाऊ नये, हे वाक्य असलेल्या १९८५ च्या जिनिव्हा निवेदनावर त्यांचीही मोहोर आहे.

लहान देश बळ पाहून नमतात, हा दावा तर घटनांनीच खोडला आहे. लिबियाने २००३ मध्ये आपला अण्वस्त्र कार्यक्रम सोडला. २०११ मध्ये नाटोच्या बाँबहल्ल्यांच्या काळात तिथले सत्ताधीश गद्दाफी मारले गेले. उत्तर कोरियाने तेव्हा लिबियाचे उदाहरण उघडपणे दिले आणि अण्वस्त्रे वाढवत नेली. इराण २०१५ च्या करारानुसार युरेनियमचे समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर थांबवून होता. मे २०१८ मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेर पडली, आणि २०२१ मध्ये इराण ६० टक्क्यांवर, म्हणजे अण्वस्त्राला लागणाऱ्या पातळीच्या जवळ, गेला. युक्रेनने सोव्हिएतकालीन अण्वस्त्रे सोपवताना १९९४ मध्ये बुडापेस्टला मिळालेली सुरक्षेची आश्वासने रशियाने पायदळी तुडवली, त्यातूनही इतर देशांनी अण्वस्त्रे सोडणारा उघडा पडतो हाच धडा घेतला असणार.

राहिला करार पाळणारा फसण्याचा मुद्दा. फसवणूक होते, हे खरे. सोव्हिएत संघाने क्रास्नोयार्स्कजवळ उभारलेले मोठे रडार एबीएम कराराचे उल्लंघन होते. पण करारात काय चालते आणि काय नाही हे लिहिलेले होते, म्हणून अमेरिकेला त्यावर बोट ठेवता आले, आणि १९८९ मध्ये परराष्ट्रमंत्री शेवर्दनाद्झे यांनी चूक कबूल केली. ते रडार पाडले गेले. अण्वस्त्रांच्या संख्येवर मर्यादा घालणाऱ्या अमेरिका-रशियाच्या न्यू स्टार्ट करारात दोन्ही देशांना वर्षाला १८ पाहण्या करण्याचा हक्क होता. त्यांचे निरीक्षक एकमेकांच्या तळांवर जाऊन अण्वस्त्रे मोजत होते. कोविडकाळात त्या थांबल्या, फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने सहभाग स्थगित केला, आणि कराराची मुदत होती ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. समोरच्याकडे किती आणि काय आहे हे जाऊन पाहता येत नसेल, तर दोन्हीकडचे नियोजनकार वाईटात वाईट आकडा धरून आपली तयारी आखतात. १९६० मध्ये अमेरिकेत ‘क्षेपणास्त्रांत आपण मागे पडलो’ अशी हाकाटी झाली होती. उपग्रहचित्रे आली तेव्हा सोव्हिएत संघाकडे तैनात आंतरखंडीय क्षेपणास्त्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. तरीही अमेरिकेने एक हजार ‘मिनिटमन’ उभारलीच.