वर्षात दुप्पट होणारं चित्र

'हुसेनचं चित्र ११८ कोटींना गेलं! आज ५० हजारांचं चित्र घ्या, वर्षात दुप्पट. किंमत कधी उतरत नाही, सोन्यापेक्षा बरं.' हा मेसेज महिनाभर आमच्या भिशीच्या ग्रुपवर फिरतोय. शहापूरचा एक मित्र तर एफडी मोडायला निघालाय.

११८ कोटी खरे. मार्च २०२५, न्यूयॉर्क, क्रिस्टीजचा लिलाव, 'ग्रामयात्रा'. पण ते चित्र १९५४ चं. त्याच वर्षी दिल्लीत कामाला आलेल्या नॉर्वेच्या एका डॉक्टरने ते घेतलं, पुढे ते ओस्लोच्या इस्पितळाला दिलं. सत्तर वर्षं ते बाजारात आलंच नव्हतं. यात 'वर्षात दुप्पट' कुठे बसतं?

आता हिशेब मांडू. लिलावात बोली १ लाखाला थांबली, तर घेणाऱ्याला वर साधारण २० टक्के लिलावगृहाचे द्यावे लागतात. झाले १ लाख २० हजार, कर वेगळाच. विकताना पुन्हा कमिशन. १० टक्के धरा. म्हणजे घातलेले पैसे नुसते परत यायलाच बोली १ लाख ३३ हजारांवर जायला हवी. शिवाय चित्र २४ महिन्यांच्या आत विकलं, तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे आयकर.

सोन्याची तुलना तर नकोच. बांगडी सराफाकडे न्या. तो वजन करतो, घट कापतो आणि पैसे देतो. चित्राचा काटा कुठल्या दुकानात आहे?

किंमत उतरत नाही म्हणे! २००६ मध्ये ओशियन्स या लिलावगृहाचा आर्ट फंड निघाला, म्हणजे लोकांच्या पैशांतून चित्रं घ्यायची आणि नफा वाटायचा. सुमारे १०० कोटींचा. २००८ च्या मंदीत बाजार बसला, पैसे वेळेवर परत मिळाले नाहीत, आणि २०१३ मध्ये गुंतवणुकीच्या बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीला फंडाविरुद्ध आदेश काढावा लागला. ती तर मुरलेली मंडळी होती.

एकाने त्या मेसेजखाली लिहिलं, 'घरात के.बीं.चं चित्र असेल तर लॉटरीच!' चित्रकार के. बी. कुलकर्णी म्हणजे आपल्या बेळगावचं मोठं नाव. रवी परांजपे, जॉन फर्नांडिस हे चित्रकार त्यांचेच विद्यार्थी. पण नाव मोठं म्हणून सहा महिन्यांत गिऱ्हाईक दारात येत नाही. आलंच, तर आधी सही बघतं, मग चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं त्याचे कागद मागतं. आपल्याकडे ते कुणी जपलेत? आणि चित्र कुणाच्या आजोबांचं पोर्ट्रेट असलं, तर ते नातवाइतकं दुसऱ्या कुणाला हवं असणार?

एफडीवाल्या मित्राला एवढंच विचारलं, 'घेतोयस कुणाकडून, आणि तुझ्याकडून कोण घेणार?' पहिल्याचा नंबर त्याने लगेच दाखवला. दुसऱ्याचं नाव अजून सांगितलेलं नाही.